डुकरांचा ताप कुठून आला, हे आधी वहीत शोधा

आफ्रिकन स्वाइन फीवर या विषाणूच्या तापानं डुकरं मरायला लागली की सगळे प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघत बसतात. खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या डुक्करपालकांनी त्याआधी आपली येण्याजाण्याच्या नोंदींची वही उघडावी, असं माझं ठाम मत आहे. वही नसेल तर आजच घाला.

या तापाचा विषाणू डीएनएचा. जनुकसंच साधारण १,७०,००० ते १,९०,००० अक्षरांचा, आणि बदलतो फार हळू. २००७ मध्ये जॉर्जियात शिरलेला जीनोटाइप २ (म्हणजे विषाणूचं एक घराणं) हाच २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात निघाला. त्यामुळं विषाणूच्या पी७२ या प्रथिनाचं एकच जनुक वाचून घराणं कळतं, पण रोग कुठल्या गाडीतून आला ते कळत नाही. शिवाय जीनोटाइप १ आणि २ यांची सरमिसळ झालेले विषाणू चीनमध्ये सापडलेत. तिथं पी७२ एका घराण्याचं, उरलेला बराच भाग दुसऱ्याचा. म्हणून पूर्ण जनुकसंच वाचायलाच हवा. तरीही डुकरांच्या शेजारशेजारच्या दोन वाड्यांमधले नमुने जवळपास सारखेच दिसतात. वाट सांगते ती तारीख.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला ४ ते १९ दिवस लागतात. म्हणजे पहिल्या आजारी जनावरापासून तीन आठवडे मागं जायचं: नवं डुक्कर कुठून आणलं, खरकटं कुठल्या हॉटेलचं, वाड्यात कोण शिरलं, गाडीचा नंबर काय. चोर्ला घाटातून गोव्याला माल टाकून रिकामी परतलेली गाडीसुद्धा लिहा. फळ्यांना चिकटलेलं रक्त आणि शेण लागण व्हायला पुरेसं असतं.

मेलेलं डुक्कर स्वतः फाडू नका, रक्तातच विषाणू सगळ्यात जास्त असतो. पशुवैद्यांना बोलवा. जिवंत, ताप असलेल्या जनावराचं रक्त जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत ते घेतात. मेलेल्याची प्लीहा आणि लसिकाग्रंथी. नमुना बर्फाच्या पेटीत, ४ अंशांच्या आसपास. पीसीआर या विषाणूची जनुकं शोधणाऱ्या चाचणीसाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घातला की जनुकं तुटतात, नमुना वाया जातो. नुसती एलिसा (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली म्हणून सुटलो समजू नका: प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो, तोवर बरीच डुकरं मरून जातात.

खानापूरच्या रानात रानडुक्कर मेलेलं दिसलं, तर हात न लावता जागा आणि तारीख टिपून वनखात्याला कळवा.