पखवाज आहे म्हणून

गळ्यातली माळ काढणं सोपं आहे. मग वाड्यावर कुणाकुणाला काय काय सांगायचं, ते अवघड. गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात माळकऱ्याने दुपारी नुस्तं, म्हणजे मासे, खाल्लं तर संध्याकाळी बातमी नदीपलीकडे पोचते. श्रावणात सगळेच मासे सोडतात, त्याचं कौतुक नाही. बारा महिने सोडतो तो माळकरी. शेजारी बांगडे तव्यावर पडले की माझं नाक अजून तिकडे वळतं आणि हात डाळीच्या वाटीकडे. विश्वास गेला, पथ्य राहिलं. बायको म्हणते, उलटं झालं असतं तर लोकांनी जास्त बोल लावले असते.

विश्वास अमुक दिवशी गेला असं नाही. थोरल्या भावाचं डायलिसिस चालू होतं तेव्हा सप्ताहात एका महाराजांनी प्रारब्धावर निरूपण केलं. देहाचा भोग मागच्या जन्मीचा, तो भोगूनच सरतो, डॉक्टर निमित्तमात्र. दादा पुढच्याच रांगेत बसलेला. उठून जाईल असं वाटलं, तर तो मान डोलावत राहिला. महाराजांपेक्षा मला त्या डोलणाऱ्या मानेचाच राग आला.

आणि ते देऊळ. आमच्याकडे देवळं महाजनांची, कारभार अजून 1933 सालच्या पोर्तुगीज अमदानीतल्या मझानिया कायद्यावर चालतो, महाजनकी जन्माने मिळते. एका वर्षी पंढरीच्या वाटेत अशाच एका देवळात आमच्या दिंडीची पंगत होती. दिवसभर आम्ही एकमेकांच्या पाया पडत आलेलो. रात्री पानं मांडायच्या आधी तिथल्या माणसाने गोड बोलत आडनावं विचारली आणि आमच्यातल्या चौघांची पानं बाहेर पडवीत गेली. दिंडीचे बुवा म्हणाले, आपण पाहुणे, घरची रीत आपण कशी मोडायची? मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या चौघांतलाच एक, आमचा टाळकरी, मला म्हणाला, "जेव रे, भात निवतो." मी आत बसून जेवलो. भात गरम होता.

देव नाहीच असं मी ठणकावून सांगत नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. पण कुणी वर बसून ऐकतंय, हाकेला धावतंय, हे आता माझ्याने म्हणवत नाही. हरिपाठाला ओठ हलवतो. पखवाज मात्र मनापासून वाजवतो, त्यात खोटं करता येत नाही.

तरी दर वर्षी आषाढीला निघतो. पंढरपूर आमच्यापासून तीनशेहून जास्त किलोमीटर, चोर्ला घाट चढून बेळगाववरून. या वेळी साखळीला विठ्ठलापूरच्या विठ्ठलाचं दर्शन घेतलं, वाळवंटी नदी गढूळ होऊन वाहत होती, पुढे निघालो. गोव्यातले पुष्कळ लोक एकादशीला इथवरच चालत येतात आणि मला विचाराल तर शहाणे तेच.

पाय पहिल्याच दिवशी गेला. पाऊस असा की चप्पल काढली तरी भिजतो, घातली तरी भिजतो. पट्ट्याखाली बारीक खडी शिरली आणि घाटाखालचं केरी गाव यायच्या आत टाचेवर लिंबाएवढा फोड. पखवाजाचं वजन गळ्यात. पाऊल वाकडं पडलं की पट्टा मानेत रुततो. त्यात दमट हवेने पुडी, म्हणजे उजव्या तोंडाचं कातडं, उतरलेली, ताणाचे लाकडी गठ्ठे कितीही ठोका, स्वर चढेना. डाव्या तोंडाला लावलेली कणीक पाणी पिऊन गळायला लागली. पुढे टाळ चाललेत द्रुत आणि माझा पखवाज ओल्या खोक्यासारखा बोलतोय. शेवटी तो पोराच्या गळ्यात घातला, म्हटलं तुम्ही व्हा पुढे. बायको तुळस डोक्यावर घेऊन पुढेच होती. तिने वळून पाहिलं, पण थांबली नाही. तुळस घेऊन थांबायचं नसतं म्हणे. असेल.

केरीत रस्त्याला लागून एक घर होतं. सोप्यावर म्हातारी फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली. मी पागोळ्यांखाली उभा राहिलो तशी तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"दिंडीतला?"

"हो."

"गेल्या वर्षी तुमच्या लोकांनी माझ्या कुळागरात पत्रावळी टाकल्या. त्या प्लास्टिक लावलेल्या. गाय चघळत होती."

आमच्याच असतील, नसतील. घाटाने बऱ्याच दिंड्या जातात. मी गप्प राहिलो. ती विळी बाजूला सारून म्हणाली, "पाय दाखय." (आम्ही कोंकणीतच बोलत होतो. आमचं भांडण, बाजार, आजारपण कोंकणीत. मराठी देवापुढे आणि वर्तमानपत्रात.)

तिने टाच मांडीवर घेतली. मी पाय ओढून घेऊ लागलो, तर घोट्यावर चापट बसली. आतून सुई-दोरा आणला, सुई चुलीवर तापवली आणि फोडातून आरपार काढून दोरा आतच ठेवून दिला, दोन्ही टोकं लोंबती. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब उतरायला लागलं. कातडं सोलायचं नाही, म्हणाली, सोललंस तर घाट रांगत चढशील. मग कोकमतेलाचा गोळा आणला, मेणासारखा पांढुरका, वर तिच्या मुठीतल्या बोटांचे ठसे उमटलेले. लोखंडी पळीत तुकडा घालून निखाऱ्यावर धरला. वितळलं तशी चिमूटभर हळद टाकली, फुंकर घातली, आधी स्वतःच्या मनगटावर थेंब पाडून पाहिला आणि मग माझ्या टाचेवर सोडला. भाजलं. मी "विठ्ठला" म्हणालो. सवयीने येतं तोंडात, शिंकेसारखं.

ती पत्रावळींवरच होती. पंचायतीत सांगून आली होती, पंचायतवाला म्हणाला देवाचं काम आहे, एक दिवस चालवून घे. "देवाला सांग म्हणावं उष्टी काढायला." लुगड्याची चिंधी फाडून तिने टाच बांधली, गाठ वरच्या बाजूला, घोट्याला टोचणार नाही अशी. मला चहा दिला, काळा, आलं घालून. स्वतः घेतला नाही.

निघताना रीत म्हणून विचारलं, "पांडुरंगाला काही सांगायचं आहे?"

"मला कसलं सांगायचंय? आमचा आजोबा देव आहे इथे. पंढरपूरच्याला माझं घर कुठे माहीत?" मग म्हणाली, "तू कशाला जातोस रे, असला पाय घेऊन?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. दिंडीत विचारत नाहीत, उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं.

"पखवाज आहे म्हणून."

"मग नीट वाजव," म्हणाली आणि आठळ्या पुढे ओढल्या. मुक्कामाला पोचेपर्यंत मला उगीचच बरं वाटत होतं. रात्री कीर्तनात पुन्हा तेच प्रारब्ध निघालं आणि गेलं ते.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकडा करून घाट धरला. अंजुणे धरण डाव्या हाताला की उजव्या, धुक्यात काही दिसलं नाही. ट्रकवाले अंगावर चिखल उडवून जात होते, त्यांना आमचा चोपदार तालात शिव्या देत होता. वरच्या एका वळणावर आमच्या वीणेकरी आबांना दम लागला. सत्तरीचं वय, ओलं धोतर. वीणा खाली ठेवायची नसते. आबांनी इकडेतिकडे पाहिलं, पखवाज पोराकडे असल्याने रिकाम्या हाताचा मीच होतो. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी त्यांच्या. तिथवर ठीक.

पण वीणेसमोर ओळ लागते. एकेक जण येतो, वाकतो, पायाला हात लावतो. मी तार छेडत उभा, कपाळाला बुक्का, आणि येणारा प्रत्येक अंगठा नेमका दोरा ओवलेल्या टाचेवर. डोळ्यांत पाणी आलं. एका आजींनी ते पाहून पदर डोळ्यांना लावला, म्हणाल्या, माउली, भरून आलं ना? त्यांना काय सांगणार? ओळीत तो टाळकरीही होता, भात निवतो म्हणालेला. तो वाकला तेव्हा मी पाय मागे घेतला. त्याने पुढे ओढून धरला. शेवटी बायको. वाकून हळूच म्हणाली, "हळद सगळी उतरली की हो."

पुढचे दिवस एकमेकांत मिसळलेत. कणकुंबी, जांबोटी, बेळगावात कुणीतरी वाटलेले रेनकोट, कुठेतरी फुगडी, कुठेतरी मोबाईल चार्जिंगवरून मारामारी. मिरजेपुढे पाऊस मागेच राहिला आणि उन्हाने हैराण केलं. एका माळरानावर, कवठेमहांकाळच्या अलीकडे असेल, पुडी एकदम चढली आणि मी दुपारभर असा वाजवला की बुवा चालताचालता मागे वळून बघत होते. पंढरपुरात कळसाला हात जोडले, चंद्रभागेत पाय धुतले. टाच तोवर भरून आली होती.

परतीच्या बसमध्ये बुवा माझ्याशेजारी येऊन बसले. आबांना आता घाट झेपायचा नाही, म्हणाले, पुढल्या वर्षी वीणा तू घे.

"मला नको. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. हरिपाठात तुझे ओठ हलतात, आवाज येत नाही. मला ऐकू कमी येतं, दिसतं बरं."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मी त्या टाळकऱ्याचं नाव घेतलं. पाठांतर चोख, गळा गोड, आयुष्यात वारी चुकवलेली नाही. बुवांनी खिडकीबाहेर पाहिलं. वाटेतलं ते देऊळ त्यांच्याही मनात आलं असणार.

"तिथले लोक काय म्हणतील?"

"वीणेचं पान आत मांडायचं की पडवीत, ते ठरवू दे त्यांना."

ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "पखवाजाचं काय?" एवढंच विचारलं. पुडीची शाई फुटली होती, ती बदलायला पखवाज येताना मिरजेत टाकला होता. आठवड्याने जाऊन आणावा लागेल, गाडीभाडं मंडळाच्या पैशातून मिळेल का, असं मी विचारलं. त्यावर मात्र लगेच "नाही" म्हणाले.