मोकळं होण्याची तालीम

स्नेहसंमेलनाच्या आणि खोड्यांच्या आठवणी या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. मी लिहितो आहे तो वसतिगृहातल्या रात्रीच्या प्रार्थनेनंतरच्या आत्मपरीक्षणाबद्दल. सक्ती नव्हती, तरी साताऱ्यातल्या आपल्या शाळेत कॅथलिक नसलेली मुलंही त्याला बसत.

स्वातंत्र्य म्हणजे वाटेल ते करायची मुभा, असं आपण धरून चालतो. १९९२ साली आलेला कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ म्हणतो की माणूस चांगलं करत जाईल तसतसा तो अधिक स्वतंत्र होतो. राग न आवरणाऱ्याला कोणी बांधून ठेवलेलं नसतं, तरी तो मोकळा नसतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. त्यांच्या जिल्ह्यातल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. आखाड्यात डाव सुचतो तो रोज जोर-बैठका काढलेल्या अंगालाच. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार सद्गुण असेच सरावाने अंगी मुरतात. श्रद्धा, आशा, प्रीती मात्र देवाची देणगी. ती कष्टाने कमावता येत नाही, आणि पहिल्या चारांनाही कृपेचा आधार लागतोच.

आत्मपरीक्षणाची रीत जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांची. आधी दिवसाबद्दल देवाचे आभार, मग स्वतःकडे नीट पाहता यावं म्हणून प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस क्रमाने तपासायचा, क्षमा मागायची आणि शेवटी उद्याचा निश्चय. बहुतेक जण आभार गाळून थेट चुकांवर येतात. मग ती नुसती स्वतःची उलटतपासणी होते आणि चार दिवसांत कंटाळा येतो. दुसरी गफलत निश्चयात: ‘उद्यापासून चांगला वागेन’ हा निश्चयच नव्हे. ‘मेसच्या रांगेत कुणाची टिंगल करणार नाही’ हा निश्चय, कारण तो पाळला की मोडला हे रात्री कळतं.

एकच वाईट सवय मोडायची असेल तर इग्नेशियसनी वहीची युक्ती दिली आहे. आठवड्याच्या सात दिवसांना प्रत्येकी दोन ओळी. एक दुपारच्या तपासणीची, एक रात्रीची. जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. चूक होताच हात छातीशी न्यायचा, चारचौघांत कुणाच्या लक्षातही येत नाही. कालच्या ओळीशी आजची, गेल्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहायचा. एका वेळी तीन-चार सवयी घेतल्या की वही भरते, माणूस तिथेच राहतो.

विवेकाबद्दल मध्ययुगातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस तीन पायऱ्या सांगतात: विचार, निर्णय, अंमल. आपली गाडी दुसऱ्या पायरीवर अडते. अभ्यासाला पहाटे उठायचं हे ठरलेलं असतं, गजरही लावलेला असतो. आणि अक्वायनसांच्या मते विवेकाचं मुख्य काम तर तिसरंच.

पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करायला, जाताना ही ठिपक्यांची वही न्यायची नसते. गंभीर पापं प्रकार आणि संख्येसह सांगावी लागतात, ठिपक्यांचा जमाखर्च नव्हे. आणि ज्याला बारीकसारीक गोष्टीतही पाप दिसून झोप लागत नाही, त्याने वही बंदच ठेवावी, दर वेळी एकाच फादरांकडे जावं आणि ते सांगतील तेवढंच करावं.