करवंटी घेऊन निघालेला ऑक्टोपस

पहिल्याच दिवशी आम्ही एका ऑक्टोपसला छळलं. काठी माझ्या हातात नव्हती, पण कॅमेरा होता, आणि तो मी खाली घेतला नाही. लेम्बेबद्दल लिहायला बसले की आधी तेच डोळ्यांपुढे येतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

लेम्बे म्हणजे इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाजवळची चिंचोळी सामुद्रधुनी. एका बाजूला बितुंग बंदर, दुसऱ्या बाजूला लेम्बे बेट. मुंबई, सिंगापूर, मनाडो, मग गाडीने बितुंग आणि शेवटी होडी. एवढं करून पाण्यात उतरलं की पहिली पाच मिनिटं मन खट्टू होतं. बहुतेक जागी प्रवाळ नाही, निळाई नाही. ज्वालामुखीची काळी वाळू, आणि तिच्यावर दोरखंड, टायर, बाटल्या, पत्र्याचे डबे. इथल्या डायव्हिंगला नावच 'मक डायव्हिंग' आहे. मक म्हणजे गाळ. पण वाळूपासून हातभर उंचीवर तरंगत हळूहळू पुढे जात राहिलं, की त्या गाळालाच डोळे फुटायला लागतात.

माझं आजोळ मालवणकडचं. घरात माकूल आलं की साफ करायला मी आजीशेजारी बसायचे. शाईची पिशवी, पोपटासारखी चोच, सगळं हाताला ठाऊक. पुढे तारकर्लीला डायव्हिंग शिकले तेव्हापासून एकच हौस होती, माकुलाचा हा आठ हातांचा भाऊबंद जिवंत, त्याच्या घरी पाहायचा. त्यासाठी तीन वर्षं पैसे साठवले. कॅमेरा पाण्यात न्यायची बंदिस्त पेटी, म्हणजे हाउसिंग, कॅमेऱ्यापेक्षा महाग पडली, हे घरी अजून सांगितलेलं नाही.

तर पहिला दिवस. नऊ मीटर खोली, मिमिक म्हणजे नकलाकार ऑक्टोपस. तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचे लांबसडक हात. शास्त्रज्ञांच्या नजरेस तो 1998 साली याच सुलावेसीच्या किनाऱ्यावर पडला आणि त्याला शास्त्रीय नाव मिळालं 2005 मध्ये. धोका दिसला की तो हात अंगाशी घेऊन लेप माशासारखा चपटा होतो आणि वाळूलगत पोहतो. कधी लायनफिशसारखे हात पसरतो, कधी सहा हात बिळात लपवून उरलेले दोन विरुद्ध दिशांना ताणून समुद्री साप होतो. हे पाहायला माणसं जगभरातून येतात. त्या दिवशी दोन होड्यांमधले आम्ही सहाजण त्याच्याभोवती कोंडाळं करून होतो. तो बिळात शिरू लागला की एका गाईडची सळई मागून आत जायची आणि तो पुन्हा बाहेर. पुन्हा सहा जणांचे फ्लॅश. तो लेप झाला, साप झाला, आम्हाला हवं ते सगळं त्याने केलं. मी एकशे चाळीस फोटो काढले.

रात्री ते लॅपटॉपवर पाहताना शेवटच्या तीसेक फोटोंपाशी थांबले. पट्टे फिके पडलेले, अंग पांढरंफटक, हात आक्रसून एकत्र घेतलेले. समोर ओळीने लावलेले फोटो पाहिले तेव्हा कळलं, की नऊ मीटरवर मी जिला नक्कल म्हणत होते ते पळणं होतं. त्याच्याकडे जेवढ्या युक्त्या होत्या तेवढ्या त्याने जीव वाचवायला वापरल्या आणि आम्ही त्या एकेक करून टिपल्या. ते फोटो मी कुणाला दाखवलेले नाहीत. पुसूनही टाकलेले नाहीत.

फ्लॅशने समुद्री जीव आंधळे होतात असं सर्रास बोललं जातं. वाळूतल्या काही माशांवर झालेल्या अभ्यासात मात्र फ्लॅशपेक्षा जिवाला हात लावणं, ढोसणं हेच जास्त त्रासाचं आढळलं. मला त्यातून दिलासा मिळाला नाही, कारण आमच्या वेळी फ्लॅशही होता आणि सळईही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गाईडला हे सांगितलं. वय पन्नाशीपुढे. इकडे काकाला 'ओम' म्हणतात, त्यामुळे सगळेच त्यांना ओम म्हणायचे आणि मीही. मी म्हटलं, ओम, मला पाहायच्या प्राण्यांची यादी पुरी करायची नाही. काठी नको. एकच प्राणी दाखवा आणि सिलिंडर संपेपर्यंत तिथेच राहू द्या. त्यांनी ऐकून घेतलं, हाउसिंगमध्ये पाणी शिरू न देणारी रबरी कडी, ओ-रिंग, माझ्या हातातून घेऊन तिच्यावरचा केसाएवढा धागा काढला, ती परत दिली आणि म्हणाले, "पलान-पलान." म्हणजे हळूहळू. पण आमच्याबरोबरच्या दोघांना यादी हवी होती, त्यामुळे एकटीसाठी वेगळी होडी मिळायला पाचवा दिवस उजाडला. मधले दिवस पावसात आणि गर्दीत गेले. लक्षात राहिलं ते सकाळचं तिनुतुआन, म्हणजे भोपळा, मका आणि पालेभाजी घालून शिजवलेली तांदळाची पेज. प्रवासात पोट बिघडलेल्या माणसाला यापरतं सुख नाही.

पाचव्या दिवशी ओमनी चौदा मीटरवर थांबून हाताचा पंजा उलटा केला आणि बोटं खाली सोडून हलवली. ऑक्टोपसची खूण. मला दिसली ती फक्त करवंटी. साधी, आमच्या परसात पडलेली असते तशी, अर्धी वाळूत रुतलेली. तिच्याखाली दुसरी. दोहोंच्या मधल्या फटीत एक डोळा, बाहुली आडव्या रेघेसारखी.

हा नारळवाला ऑक्टोपस. अंग मुठीएवढं. उत्तर सुलावेसी हा माडांचाच मुलूख, इथे खोबरं काढून टाकलेल्या करवंट्या पाण्याला येऊन मिळतात आणि हा त्यांचं घर करतो. आजोळी करवंटी बंबात जायची. तिच्यात कुणी राहू शकेल हे कधी मनातही आलं नव्हतं.

मी दोन्ही स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, बंद केले. फोकससाठी एक लाल दिवा तेवढा ठेवला. ऑक्टोपसच्या डोळ्यांना तो उजेड जवळजवळ जाणवत नाही. वाळूवर गुडघे टेकवायचे नाहीत, पायातले फिन (पोहायचे वल्ह्यासारखे पंख) हलवायचे नाहीत, श्वासावर तरंगत राहायचं. श्वास घेतला की जरा वर, सोडला की जरा खाली. हे मला अजून नीट जमत नाही. कॅमेरा हातात येण्याआधी हे यायला हवं असं शिकवणारे सांगतात आणि मी ते ऐकलं नव्हतं. अंदमानात पहिल्यांदा कॅमेरा नेला तेव्हा व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकताना फिनने प्रवाळाची एक फांदी मोडली. वाढायला कित्येक वर्षं लागली असतील तिला. लेम्बेच्या वाळूवर मी आधी शरीर सांभाळत होते, फोटो नंतर, ते त्या फांदीमुळे.

दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग वरची करवंटी बोटभर उचलली गेली. एक हात बाहेर आला, आजूबाजूची वाळू चाचपली, आत गेला. ऑक्टोपसच्या मज्जापेशी पन्नास कोटींच्या आसपास आणि त्यातल्या दोनतृतीयांश हातांमध्ये असतात. हे आधी वाचलेलं होतं. तो हात पाहताना पटलं. तो स्वतःच विचार करत असल्यासारखा हिंडत होता आणि डोळा मात्र माझ्यावरून हलत नव्हता. विसाव्या मिनिटाला सगळं अंग वर आलं. मी डावा स्ट्रोब चालू केला, सगळ्यात मंद, आणि तोंडावर रोखण्याऐवजी बाजूला वळवून. सरळ मारला तर पाण्यातला कण न् कण उजळतो आणि फोटोभर रवा सांडल्यासारखा दिसतो. एक फोटो. थांबले. तो आत गेला नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि पाण्यात मोठ्याने ओरडले. पाणी आधी लाल रंग गिळतं. चौदा मीटरवर डोळ्यांना सगळं करडं-निळसर दिसतं. एवढा वेळ माझ्यापुढे एक राखाडी गोळा होता. पडद्यावर मात्र त्याचं अंग विटकरी तांबडं, त्यावर झाडाच्या पानासारख्या गडद शिरा, आणि हातांच्या कडेने निळसर पांढऱ्या चूषकांची ओळ, मोती ओवल्यागत. हातभर अंतरावरून मी जे पाहत होते त्याचे रंग मला कॅमेऱ्याने दाखवले. पाण्याखाली फोटो का काढायचे असं कुणी विचारलं तर मी हा फोटो दाखवते. त्या रंगांच्या धन्याला स्वतःला रंग वेगवेगळे ओळखता येत नाहीत असं शास्त्रज्ञ मानतात. त्याच्या डोळ्यात प्रकाश टिपणारा रंगद्रव्याचा एकच प्रकार आहे. तरी तो करवंटीशेजारी करवंटीचा आणि वाळूत वाळूचा होतो.

मग तो निघाला. आधी दोन्ही करवंट्या एकीत एक बसवल्या, उताण्या, वाटीसारख्या. त्यांवर बसला, हात बाहेरून खाली सोडले, ते ताठ केले आणि उचललं ते सगळं बिऱ्हाड पोटाशी धरून टोकांवर चालू लागला. आजोळी ओढ्याला पाणी चढलं की बायका ओचे वर खोचून, टाचा उचलून पलीकडे जात, अगदी तसा. ही चाल अवघड आणि धोक्याची. करवंट्या अशा वाहताना त्यांचा आडोसाही मिळत नाही. पुढे कधीतरी लागतील म्हणून तो आज ओझं वाहतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2009 साली याला हत्यारं-अवजारं वापरण्यात धरलं ते याचसाठी, आणि त्यांनी हे पाहिलं ते इथे सुलावेसीत आणि बालीत. तीनेक मीटर चालून तो थांबला, करवंट्या मांडल्या, एकीत शिरला, दुसरी ओढून घेतली. फट राहिली, फटीत डोळा.

त्या चालीचे माझ्याकडे चारच फोटो आहेत. दोन हललेले. चौथ्यात मागे ओमचा हात आला आहे, तळवा खाली, मला 'हळू' म्हणणारा. तो कापून टाकायला दोघांनी सुचवलं. मी ठेवला आहे.

वर आल्यावर ओमनी विचारलं, किती? मी सांगितलं, अकरा. बासष्ट मिनिटांत अकरा फोटो. ते नुसते मान हलवून टाकीची झडप उघडून हवा सोडत बसले. पण संध्याकाळी आपणहून माझ्याकडे येऊन त्यांनी रात्रीच्या डाईव्हला नेलं आणि वंडरपस दाखवला, हाही एक ऑक्टोपसच. 2006 मध्ये त्याचं नाव ठेवताना 'फोटोजेनिकस' हाच शब्द वापरला गेला, इतका तो देखणा. त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते आणि फोटोंवरून एकेक वंडरपस ओळखता येतो असं संशोधकांनी दाखवलं आहे. म्हणजे माझ्यासारख्या हौशी माणसाचा नीट काढलेला फोटोही त्याचं ओळखपत्र ठरू शकतो, त्याला हातसुद्धा न लावता. मी दोन फोटो काढले आणि दिवा बाजूला केला.

शेवटच्या दिवशी मी चौदा मीटरवरच्या त्याच जागी न्यायला सांगितलं. करवंट्या होत्या, जरा कलंडलेल्या. ओमनी बराच वेळ बाहेरूनच पाहिलं, मग वरची अलगद उचलली. आत कुणी नव्हतं. शेजारी एक बाटली पडली होती, तीही त्यांनी आधी दिवा मारून आतून तपासली, रिकामी आहे हे पाहून जाळीच्या पिशवीत घातली. करवंट्यांना मात्र त्यांनी पिशवीत घेतलं नाही. एकीवर दुसरी पालथी घातली, मधे बोटभर फट ठेवली, आणि मला वर चल अशी खूण केली.