मरिनर-४ चं पहिलं चित्र, खडूने: नऊ पट्ट्या झाल्या

मंडळी, वीसपैकी नववी पट्टी काल रात्री चिकटवली. म्हणजे १८,००० चौकोन रंगवून झाले, २२,००० उरले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. १५ जुलै १९६५ ला (अमेरिकेत १४ ची संध्याकाळ) मरिनर-४ हे नासाचं यान मंगळापासून साधारण ९,८०० किलोमीटरवरून गेलं आणि दुसऱ्या ग्रहाची जवळून घेतलेली पहिली चित्रं त्याच्या टेपवर उतरली. पॅसाडेनाच्या जेपीएलमध्ये, म्हणजे मोहीम चालवणाऱ्या नासाच्या प्रयोगशाळेत, यानावरचा टेप रेकॉर्डर नीट चालला की नाही ही धाकधूक होती. चित्र रीतसर तयार होईपर्यंत थांबणं तिथले अभियंते रिचर्ड ग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जमेना. कागदी पट्ट्यांवर प्रत्येक ठिपका किती उजळ याचे आकडे छापून येत होते, ते त्यांनी शेजारी शेजारी लावले, चित्रकलेच्या दुकानातून पेस्टल खडू आणले आणि आकड्यांप्रमाणे रंग भरले. मंगळाचं टीव्हीवर दिसलेलं पहिलं चित्र ते हेच. पुढे ते चौकटीत घालून जेपीएलचे संचालक विल्यम पिकरिंग यांना भेट दिलं गेलं.

तेच मी करतोय. मूळ आकडे माझ्याकडे नाहीत. प्रसिद्ध झालेलं चित्र २०० बाय २०० ठिपक्यांवर आणलं, ६४ छटांमध्ये बसवलं आणि प्रत्येक ठिपक्याचा आकडा ४ मिलिमीटरच्या चौकोनात छापला. दहा चौकोन रुंदीची एक पट्टी, ए-फोरवर मावावी म्हणून तिचे तीन तुकडे. आठ-आठ आकड्यांना एक खडू, फिक्या पिवळसरपासून गडद तपकिरीपर्यंत. ग्रम यांना मंगळाचा खरा रंग दाखवायचा नव्हता, फक्त उजेड-अंधाराची उतरंड हवी होती, तरी त्यांचे खडू मंगळाच्या रंगाच्या किती जवळ गेले! मीही म्हणून तपकिरी-तांबूसच धरले.

सातव्या पट्टीने घाम काढला. वरचा तुकडा चिकटवताना एक ओळ खाली सरकला. जवळून काही कळत नव्हतं. भिंतीला टेकवून चार पावलं मागे गेलो, तर मंगळाची कड, जी सलग वळायला हवी, तिथे बरोबर एक पायरी. ओला करून सोडवावा तर खडू जातो. शेवटी तो तुकडा पुन्हा छापला आणि ७०० चौकोन नव्याने भरले. तास गेला, पण कड आता सलग आहे. आता चिकटवण्याआधी दर दहाव्या ओळीला पेन्सिलीची खूण करून शेजारच्या पट्टीशी जुळवून घेतो. आणखी एक: आधी फिके खडू, मग गडद. तळव्याखाली बटर पेपर. पंखा बंद.

एका चौकोनाला मला पाच सेकंद लागतात, पट्टीला पावणेतीन तास. मरिनर सेकंदाला ८.३३ बिट पाठवत होतं, एका ठिपक्याला सहा बिट, म्हणजे पाऊण सेकंदाहून थोडं कमीच. माझ्या एका पट्टीइतके आकडे त्याने २४ मिनिटांत पाठवले असते, अख्खं चित्र आठ तासांत. हे आकडे मी कितीदा वाचले होते. पण ४१, ४१, ४२, ४१ असं भरत बसलं की कळतं की यातला एकेक आकडा १० वॅटच्या प्रक्षेपकातून, २१ कोटी किलोमीटरहून जास्त अंतर कापून आला. घरातल्या साध्या एलईडी दिव्याइतकी ती ताकद! शिवाय खात्रीसाठी जवळजवळ सगळं दोनदा पाठवलं गेलं. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत ते काम चाललं होतं. आणि याच्या आधीचं मरिनर-३ नोव्हेंबर १९६४ मध्ये वरचं आवरणच न सुटल्याने गेलं होतं, हे लक्षात घेतलं की त्या खोलीतली घाई समजते.

दहावी पट्टी आज रात्री सुरू. खडू पक्का करायला फवारा मारायचा की काच लावायची हे ठरलेलं नाही. फवाऱ्याने फिक्या छटा काळवंडतात, हे रद्दी तुकड्यावर पाहिलं. कुणी मोठ्या पेस्टल चित्रावर वापरला असेल तर कुठला, किती हात, हे जरूर सांगा.

अकराव्या चित्राचे आकडेही छापून ठेवलेत. विवरं स्वच्छ दिसली ती त्यात, आणि त्यातल्या मोठ्या विवराला पुढे मरिनर हेच नाव मिळालं. त्याची कड रंगवताना हात सावकाश चालणार आहे.