आमची वाटचाल : काळ्या वाळूचे ब्लॉक

ब्लॉकचा कारखाना टाकायच्या आधी मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला (साचे करायला) होतो. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, बेंटोनाइट ही चिकट माती, कोलडस्ट म्हणजे कोळशाची भुकटी आणि पाणी. मुठीत दाबली की बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. त्यात 1400 अंशांच्या आसपासचं लोखंड ओतलं की कडेचं बेंटोनाइट जळतं आणि वाळूची पकड जाते. म्हणून प्रत्येक फेरीला थोडी नवी घालायची, तेवढी जुनी बाहेर काढायची. नवी सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याहून घाट चढून यायची. जुनी ट्रॉलीत भरून कुठल्यातरी खड्ड्यात जायची, बहुतेक रात्रीची.

ती ट्रॉली आपल्या दारात ओतून घ्यायची, एवढीच आमची अक्कल. पेव्हिंग ब्लॉकमध्ये क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) काढून सगळी हीच घातली. ब्लॉक दिसायला झकास, कोळशासारखे काळे. पण मातीच्या बारीक कणांनी पाणी पिऊन टाकलेलं, प्रेसखाली बिस्किटासारखे फुटले. मग चाळणी बसवली, प्रमाण उतरवत उतरवत क्रश सँडच्या चौथ्या हिश्श्यावर आलो, तेव्हा कुठे 60 एमएमचा ब्लॉक 28 दिवसांनी एम-35 या मजबुतीच्या दर्जाला उतरला.

वाटलं, जिंकलं. एका शाळेचं अंगण घातलं. पहिल्याच पावसात ब्लॉकवर तांबडे ठिपके. दुसऱ्या पावसात ठिपक्यांचे ओघळ. वाळूत राहिलेले लोखंडाचे बारीक तुकडे आणि छर्रे गंजले होते. अंगण उचलून नवं घालून दिलं, तेही पदरमोड करून. त्यानंतर पट्ट्यावर मॅग्नेट बसवला. आता पोतंभर निघालेलं लोखंड परत फौंड्रीच्याच भट्टीत जातं. रेझिनची, म्हणजे मातीऐवजी रासायनिक चिकाने बांधलेली वाळू मात्र आम्ही घेत नाही. तिचा वास नाकात बसला की दिवसभर सुटत नाही, आणि ती ब्लॉकमध्ये घालायची आमची छाती नाही.

2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, क्रश सँडच्या गाड्या अडकल्या. काळी वाळू मात्र आमच्या आवारातच होती. नंतर चार दिवस तिचं प्रमाण वाढवायचा मोह झाला होता, खोटं कशाला सांगू! पण बिस्किटं आठवली.

सुरुवातीला फौंड्रीवाले म्हणायचे, "न्या हो, वर ट्रॉलीचं भाडंही देतो." परवा त्यातल्याच एकाचा फोन आला. विचारत होता, टनाला काय दर देता?