नानांच्या गाडीतला डिजिटल रेडिओ

भुसावळला गाड्यांचे वायरिंग करण्याचे आणि टेप बसवण्याचे काम मी बावीस वर्षे करीत आहे. गाडीशी न जुळणारे सामान घेऊन येणारे गिऱ्हाईक मला नवीन नाही. तरीही मागच्या मे महिन्यात रावेर तालुक्यातल्या एका केळीबागायतदार नानांच्या २००४ सालच्या मारुती ८०० वर घालवलेला दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

नानांची बाग सातपुड्याच्या पायथ्याशी, पालच्या रस्त्याला आहे. त्यांच्या मुलाने इंग्लंडहून एक डबा आणून दिला होता. तो लायटरच्या सॉकेटवर चालतो, डिजिटल केंद्र पकडतो आणि तो आवाज एका रिकाम्या एफएम लहरीवरून गाडीच्याच जुन्या रेडिओला पोहोचवतो. नवा संच न घेता जुन्या गाडीत डिजिटल रेडिओ ऐकण्याचा तिकडचा हा स्वस्त मार्ग आहे. नाना म्हणाले, "भाऊ, आकाशवाणी आता डिजिटल झाली म्हणतात. ही खरखर तेवढी घालवून दे."

मी लगेच कामाला लागलो. या डब्याचा अँटेना म्हणजे काचेवर चिकटवायची पातळ पट्टी असते आणि तिच्या टोकाची धातूची चकती काचेशेजारच्या खांबाच्या उघड्या लोखंडाला टेकावी लागते. खांबावरचे प्लास्टिक उतरवले, रंग खरवडला, मल्टिमीटर लावून अर्थिंग तपासले आणि वायर छताच्या कापडाखालून नेली. डब्याने शोध घेतला, पण एकही केंद्र सापडले नाही. पट्टी दुसऱ्या बाजूला लावली, इंजिन बंद करून पाहिले, गाडी मोकळ्या जागी उभी केली. दोन तासांनी मी डब्याचा तळ वाचला. तिथे १७४ ते २४० मेगाहर्ट्झ असे छापले होते. तो डॅब या, इंग्लंडात चालणाऱ्या डिजिटल प्रक्षेपण पद्धतीचा रेडिओ होता. बीबीसीने ही सेवा १९९५ साली सुरू केली. आपल्या आकाशवाणीने डीआरएम ही वेगळी डिजिटल पद्धत स्वीकारली आहे आणि तिचे प्रक्षेपण मुख्यतः मध्यम लहरींवर, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात होते. साध्या रेडिओवर ते डिजिटल प्रक्षेपण नुसते एकसारखे फुसफुसल्यासारखे ऐकू येते आणि नानांच्या डब्याला तर तो पट्टाच नव्हता. तळ मी आधी वाचायला हवा होता. सत्तरीच्या माणसाला मी दोन तास मे महिन्याच्या उन्हात बसवून ठेवले.

डीआरएम अनेक नव्या गाड्यांच्या संचांत कंपनीतूनच येते, परंतु जुन्या गाडीला जोडता येईल असा दोन हजारांच्या आतला सुटा डबा माझ्या एकाही पुरवठादाराकडे नव्हता. हजार-बाराशेच्या संचांच्या खोक्यांवर 'डिजिटल रेडिओ' असे ठळक छापलेले असते. त्यात डिजिटल असतात ते पडद्यावरचे आकडे आणि केंद्र लावण्याची रीत, प्रक्षेपण नव्हे. त्यांतल्या बहुतेकांत मध्यम लहर मुळीच नसते आणि हे विकताना कोणी सांगत नाही. मीही सांगितलेले नाही. असे संच बसवताना उतरवलेले किती जुने रेडिओ मी भंगारात दिले, याचा हिशेब त्या दुपारी पहिल्यांदा मनात आला.

म्हणून नानांचा कॅसेटवाला संच मी काढला नाही, उघडला. आवाजाची फिरकी जुन्या पद्धतीची होती. तिच्याकडे येणाऱ्या डाव्या-उजव्या आवाजाच्या तारा तोडून मध्ये एक दुहेरी खटका बसवला, म्हणजे एकीकडे जुना रेडिओ आणि दुसरीकडे मोबाईल. मोबाईलसाठी जाळीची वायर घेतली, दोन्ही बाजूंना कपॅसिटर दिले आणि अर्थिंग एकाच ठिकाणी जोडले. मोबाईलवर प्रसार भारतीचे न्यूज ऑन एअर हे ॲप लावताच आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा आवाज स्वच्छ आला, मात्र चार्जर जोडला की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शिटी सुरू होई. आवाज पुढे सोडणारा पण दोन्हीकडच्या तारा थेट जोडू न देणारा एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घातल्यावर ती पूर्ण गेली. ते काम इतके नीट झाले की त्याचा मला आजही अभिमान आहे. शेवटी गंजलेल्या अँटेनाचा बूड घासून मध्यम लहरही सुधारली. मजुरी आणि सामान मिळून साडेसहाशे रुपये झाले.

आठवड्याने नानांचा फोन आला. पालच्या चढावर मोबाईलचे नेटवर्क जाते, तिथे ते खटका दाबून जुन्या रेडिओवर येतात. म्हणजे जिथे डिजिटलची खरी गरज होती, तिथे मी त्यांना ते देऊ शकलो नाही; तिथे खरखर आहे, पण आकाशवाणी लागते.

डबा घेऊन जा, असे मी त्यांना दोनदा सांगितले होते. त्यांनी तो नेला, पण काचेवरची पट्टी मात्र काढू दिली नाही. मुलगा दिवाळीला येणार आहे आणि डबा चालतो असे त्यांनी त्याला आधीच कळवून टाकले आहे.