लोअर आर्म बदलताना: भोकं जुळवणं आणि शेवटची आवळणी

नवा लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी खालून जोडणारा, वर-खाली हलणारा भाग) बसवला, सगळे बोल्ट दणदणीत आवळले, आणि काही महिन्यांतच त्याच्या सांध्यातला रबर बुश फाटून खड्ड्यात पुन्हा कडकड ऐकू यायला लागली, की दोष नव्या पार्टवर जातो. बऱ्याचदा पार्ट चांगलाच असतो. चाक हवेत लोंबकळत असताना बुशचा बोल्ट पूर्ण आवळलेला असतो.

रबर बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. बोल्ट आवळला की आतली लोखंडी नळी ब्रॅकेटच्या दोन पात्यांमध्ये घट्ट धरली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो फक्त रबराला पीळ बसून. आर्म पूर्ण खाली असताना नळी जखडली, तर गाडी चाकांवर उभी राहताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात त्याच पिळात भर पडते. म्हणून गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर आल्याशिवाय या बोल्टना शेवटचा पाना लावायचाच नाही.

ती उंची कळावी म्हणून जॅक लावण्याआधी, सपाट जमिनीवर, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं उभं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. शॉकअप आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांचा जोड खोलणार असाल तर तिथे पांढऱ्या रंगाची रेघ मारा. तिथल्या भोकांत थोडी ढिलाई असते आणि तेवढ्यानेही कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलतो. काही गाड्यांत या बोल्टच्या डोक्याखाली दाते असतात, अशा ठिकाणी बोल्ट धरून ठेवा आणि नट फिरवा. उलट केलं तर दाते आणि भोक दोन्ही झिजतात. नकल सुटी झाली की ती तारेने बांधा, ब्रेकच्या होजवर लोंबू देऊ नका.

आता भोकं जुळवणं. बोल्टलाच ठोकून वाट काढायला लावणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. पहिले दोन आटे चेपले की नट तिरका चढतो, आणि नट बॉडीला वेल्ड केलेला असेल तर काम भलतंच वाढतं. आर्मखाली छोटा जॅक लावा आणि अर्धा-अर्धा मिलिमीटर उचलत टॉर्चने भोकातून पाहा. मागे-पुढे फरक असेल तर पहारीने आर्म सरकवा. एका बाजूने निमुळता सुंबा घालून भोकं एका रेषेत आणा आणि दुसऱ्या बाजूने बोल्ट सरकवा. भोक जुळलंय का ते बोटाने चाचपू नका, आर्म निसटला तर बोट जाईल. बोल्ट किमान चार-पाच आटे नुसत्या हाताने फिरला पाहिजे. अडला तर बाहेर काढा, आटे तारेच्या ब्रशने साफ करा, पुन्हा घाला. सगळे बोल्ट हाताने लागल्याशिवाय एकही पूर्ण आवळू नका, नाहीतर शेवटचं भोक कधीच जुळत नाही.

आर्म आणि नकल जोडणारा बॉल जॉइंट पिंच बोल्टचा (आडव्या बोल्टने चिमटून धरलेला) असेल तर त्याच्या दांड्यावर एक खाच असते आणि बोल्ट तिच्यातून जातो. बोल्ट अडतोय म्हणजे दांडा पूर्ण वर गेलेला नाही. आर्म खालून जॅकने दाबा, हातोडा नको. कॅसल नट (वर खाचा असलेला) असेल तर ठरलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) दिल्यावर पिनचं भोक जुळेपर्यंत पुढेच फिरवा, मागे कधीच नाही, आणि स्प्लिट पिन नवीच घाला. नटाबरोबर दांडाही फिरत असेल तर खालून जॅकने दाब द्या, टेपर (दांड्याचा निमुळता भाग) बसला की तो थांबतो. स्टॅबिलायझर लिंकमध्ये (वळणावर गाडी कलणं रोखणाऱ्या दांड्याच्या जोडात) हीच अडचण आली तर दांड्याच्या टोकाला ॲलन की लावून धरा.

शेवटी आवळणी. दोन्ही पुढची चाकं लावून गाडी भक्कम रॅम्पवर चढवा, मागच्या चाकांना अडसर द्या, मोजलेलं अंतर जुळतंय का पाहा आणि मग खालून बुशचे बोल्ट आवळा. फक्त आर्मखाली जॅक लावूनही तेवढी उंची गाठता येते, पण त्या क्षणी गाडी स्टँडवरून सुटण्याच्या बेतात असते. रॅम्प मला कितीतरी सुरक्षित वाटतो.

टॉर्कचा आकडा त्याच गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. अंदाज म्हणून: एम १२ चा (१२ मिलिमीटर व्यासाचा) ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे मजबुतीचा दर्जा) बोल्ट साधारण ८० ते ९० न्यूटन-मीटर, १०.९ चा १२० च्या आसपास. हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. टॉर्कचा बहुतांश भाग घर्षणात जातो, जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणतो. आट्यांना तेल लावलं की त्याच आकड्याला बोल्ट फार जास्त ताणला जातो. कोकणच्या खाऱ्या हवेत बोल्ट नळीतच गंजून बसतो, तिथे पातळ ग्रीस लावायचं ते आटे नसलेल्या गुळगुळीत भागाला. मॅन्युअलने टॉर्कनंतर ९० अंशांसारखा कोन सांगितला असेल तर तो बोल्ट बहुधा एकदाच वापरायचा असतो. नायलॉक नटही (आत नायलॉनचं कडं असलेला) नवाच घ्या.

हार्डवेअरच्या दुकानातला ‘तसाच दिसणारा’ बोल्ट घेऊ नका. डोक्यावरचा ग्रेड पाहा, आट्यांचं अंतरही पाहा: एम १२ मध्ये १.२५, १.५ आणि १.७५ असे तिन्ही मिळतात आणि चुकीचा बोल्ट पहिले एक-दोन आटे खुशाल चढतो. ग्रेड कमी असेल तर बोल्ट पुरेशी पकड देत नाही, नळी ब्रॅकेटमध्ये सरकते आणि भोक लंबगोल होतं. मग नव्या बोल्टनेही खडखड थांबत नाही.

आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढा. शंभरेक किलोमीटरनंतर रेघा जुळतात का पाहा आणि त्याआधी व्हील अलाइनमेंट करून घ्या.